महाराष्ट्राचे भरतपूर?

नांदूर-मधमेश्वरच्या जलाशयास 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणण्याची चाल आता इतकी रूढ झाली आहे की, नाशिकहून रविवारी पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून निघालेला गृहस्थ हे नाव उच्चारल्यावाचून चापडगावची वाट धरीत नाही. हे विशेषण सालीम अली यांनी दिले, असे सांगतात. त्यांच्या अधिकाराविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु थोराच्या प्रेमाच्या शब्दाचा अनुयायांनी शिक्का बनविला म्हणजे त्याखाली मूळ वस्तूच झाकली जाते.

भरतपूरचे पाणी संस्थानिकांनी शिकारीसाठी राखलेले होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात तेथे एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारले गेले. नांदूरचे कुळ असे राजेशाही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी-कादवेच्या संगमावर कालव्यांसाठी बंधारा घातला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ बेटे झाली, पाणकणसे माजली, आणि पाटबंधाऱ्याच्या वहीत जी तूट होती ती पक्ष्यांच्या पदरी लाभ म्हणून पडली. १९८६ मध्ये अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषणा झाली. हे सर्व गाळाचे वैभव आहे, आणि ते सांगण्यात लाज वाटण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आमचे भांडण आहे ते मार्गशीर्ष-पौषातील दोन रविवारांवर निसर्गप्रेमाचा हिशेब चुकता करणाऱ्या रसिकांशी. त्या दिवसांतील शोभा आम्ही नाकारीत नाही. निफाडच्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत धुके विरळ होते, चक्रवाकांची जोडी साद घालते, चमच्यांची रांग चोची डावी-उजवीकडे फिरवीत चिखल चाळते, आणि एखादे वर्षी रोहितही उतरतात. ही दृष्टिसुखे कोणास नको आहेत? परंतु हीच पायवाट आषाढ-श्रावणात तुडवून पाहा. काळी माती पादत्राणांस बिलगते. सायखेडा-चांदोरीच्या लोकांची झोप उडविणारे गढूळ पाणी बंधाऱ्यावरून जायकवाडीकडे धावते. बाभळींवर सुगरणींची घरटी झुलतात. आणि पानांवर तरंगणारी अंडी कमळपक्ष्याचा नर एकटा उबवितो. मादीने त्या कामातून अंग काढून घेतलेले असते, ही गोष्ट आमच्या काही मित्रांस फारशी रुचत नाही. असो.

चैत्र-वैशाखात तर येथील ऋतू आकाशावर नव्हे, कालव्याच्या आवर्तनावर ठरतात. पाणी सोडले की तळ उघडा पडतो, चिखल भेगाळतो, आणि टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर दिसतात. तेव्हा जलपर्णीचा हिरवा गालिचाही दिसतो. तो कोठून आला, हे विचारण्यास कोणी थांबत नाही. कारण नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीतून याच दिशेने वाहते, आणि रविवारचा दुर्बीणधारी सोमवार ते शनिवार त्यात आपली भर घालीत असतो.

'सरोवरच मानवनिर्मित, मग त्याच्या नैसर्गिकतेची चिंता कशाला?' असा प्रश्न आम्हांस विचारला जातो. प्रश्नकर्त्याने उलट विचार करावा. मनुष्याने निर्माण केले म्हणूनच ते मनुष्याच्या एका आदेशाने, एका आवर्तनाने, एका नाल्याने बिघडू शकते. केवळ पावसावर जगणाऱ्या तळ्याला ऊस, द्राक्षे आणि महानगरपालिका यांच्याशी वाटा मागावा लागत नाही, याला लागतो. आणि तो वाटा थंडीत ठरत नाही, उन्हाळ्यात ठरतो. ज्या वेळी मनोऱ्यावर पाहण्यास कोणी नसते.

म्हणून आमची सूचना अशी की, पायवाटेच्या तोंडाशी पक्ष्यांच्या नावांचा जो फलक असतो, त्याशेजारी दुसरा एक उभारावा: या महिन्यात बंधाऱ्यातून पाणी केव्हा सोडले, किती उरले, आणि नाशिकच्या सांडपाण्यापैकी किती शुद्ध न होता नदीत आले. दर महिन्यास तो बदलावा. रोहितांची संख्या विचारणाऱ्यांनी तो आधी वाचावा.