पेटंट ही मालमत्ता नव्हे, मक्तेदारी

सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये, असे मानणाऱ्या स्वातंत्र्यवाद्यांत पेटंटवरून जुनी दुफळी आहे. लेखिका आयन रँड यांच्या मते बुद्धीची निर्मिती हीच सर्वांत अस्सल मालमत्ता. अमेरिकी वकील स्टीफन किन्सेला नेमके उलटे मांडतात आणि मला तेच पटते. एका वावरात दोघांना आपापले पीक घेता येत नाही, म्हणून सातबारा लागतो. औषधाचे सूत्र मात्र शंभर कारखान्यांनी वापरले तरी संशोधकाकडचे तसूभरही कमी होत नाही. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या यंत्रावर तेच औषध बनवणाऱ्याला सरकारकरवी रोखण्याचा अधिकार म्हणजे पेटंट. उदाहरणार्थ, बायर कंपनीच्या नेक्साव्हार या कर्करोगावरील औषधाच्या महिन्याच्या 120 गोळ्यांना भारतात सुमारे 2,80,000 रुपये पडत. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी नॅटको फार्माला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवण्याची मुभा, दिला आणि त्याच गोळ्यांची किंमत 8,880 रुपये ठरली. आधी सरकारनेच मक्तेदारी द्यायची, मग रुग्ण मेटाकुटीला आले की सरकारनेच ती मोडायची! स्वातंत्र्यवाद्याने हरकत घ्यायची ती मोडण्यावर नव्हे, देण्यावर.

मग संशोधनावर पैसा कोण लावेल? हा आक्षेप हलका नाही. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्याने औषधांवरचे उत्पादन-पेटंट बंद केले, ते 2005 पर्यंत. त्या मोकळिकीतूनच 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरचे तीन औषधांचे उपचार एका सेवाभावी संस्थेला वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केले; श्रीमंत देशांत तेव्हा 10,000 डॉलरहून अधिक मोजावे लागत. पण त्या काळात नवी औषधे इथे फारशी शोधली गेली नाहीत, हे दडवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. तरीही मक्तेदारीने शोध वाढतात, हे गृहीत धरता येत नाही. जेम्स वॉट यांच्या वाफेच्या इंजिनाच्या पेटंटची मुदत ब्रिटिश संसदेने 1800 पर्यंत वाढवली. जोनाथन हॉर्नब्लोअर यांचे दोन सिलिंडरचे सुधारित इंजिन त्यापायी अडले. औषधांत खर्चाचा मोठा वाटा माणसांवरील चाचण्यांचा असतो. तो इस्पितळे आणि विमा कंपन्यांनी आगाऊ खरेदीचे करार करून, धर्मादाय निधींनी बक्षिसे लावून उचलावा. हे करार खुशीचे असतील, आणि त्यांत सहभागी नसलेल्या कारखान्याला कोणी टाळे लावू शकणार नाही.