खांद्यास मुदत हवी

शस्त्रक्रिया झाली, टांके निघाले, म्हणजे दुखणें संपलें, असा आपल्या घरांतून एक समज असतो. खांद्याच्या बाबतींत तो घातक ठरतो. दंडाचें हाड खोबणींत धरून ठेवणारे चार स्नायु आहेत. त्यांचीं चिवट टोंकें, म्हणजे कंडरा (हा शब्द सुश्रुतसंहितेंतलाच), हाडास चिकटलेल्या असतात. एखादी तुटली तर शस्त्रवैद्य ती पुन्हा हाडाशीं बांधून देतो. परंतु ती हाडाशीं एकजीव व्हावयास कित्येक महिने लागतात. वेदना मात्र पुष्कळ आधीं ओसरते, आणि येथेंच फसगत होते.

क्रम सामान्यतः असा असतो. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळींत. बोटें व मनगट हालवावयाचें. खांदा मात्र सांगितला असेल तेवढाच, फिजिओथेरपिस्टच्या आधारानें. स्वतःच्या बळानें हात उचलावयाचा नाहीं. नंतर हळूहळू स्वतः उचलणें, सुमारें तीन महिन्यांनीं ताकदीचे व्यायाम, आणि जड कामास सहा महिने, कधीं अधिकही. घाई केली तर शिवण उसवते. व्यायाम टाळला तर सांधा आखडतो, मधुमेह असल्यास विशेषच. चोळणाऱ्याकडून खांदा ओढवून घेणें तर सर्वथा वर्ज्य. प्रत्येकाची इजा निराळी, म्हणून शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचा.

सचिन तेंडुलकर ह्यांच्या उजव्या खांद्यावर २००६ च्या मार्चमध्यें लंडन येथें शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षींच्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यास ते मुकले. सप्टेंबरांत क्वालालंपूर येथें त्याच संघाविरुद्ध त्यांनीं नाबाद १४१ धावा काढल्या. तोंवर साऱ्या देशानें त्यांच्या बॅटीची वाट पाहिली.

मग आमच्या बिलोलीसारख्या गांवांतील घरानें सुनेच्या लाटण्याची वाट कां पाहूं नये? पुरुषाचा खांदा शिवला तर घर त्यास आरामखुर्ची देतें, सुनेचा शिवला तर तिसऱ्याच आठवड्यांत "आतां दुखत नाहीं ना?" असें विचारून पोळपाट तिच्यापुढें सरकवितें. ती भिडस्त; नाहीं म्हणत नाहीं. म्हणून आमचें सांगणें घरांतील वडीलधाऱ्यांस आहे. कणीक मळणें, कळशी उचलणें, धुणें पिळणें, फळीवरचा डबा काढणें, ह्या कामांची वांटणी शस्त्रक्रियेच्या आधींच ठरवावी, आणि तींत मुलगेही असावेत. व्यायामासाठीं नांदेडच्या फेऱ्या कराव्या लागल्या तर सोबत द्यावी. त्या फेऱ्या म्हणजे शस्त्रक्रियेचाच उत्तरार्ध होत.

जिच्या खांद्यावर घर चालतें, तिच्या खांद्यासाठीं घरानें सहा महिने काम वांटून घेतलें, तर त्यांत उपकार कसला?