घरचा सोडा

गेल्या उन्हाळ्यात डिचोली तालुक्यातील पाळी गावी आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांच्या अंगणातील क्रुसापुढे मे महिन्यात लदीन व्हावयाची होती. लदीन आटोपल्यावर जमलेल्या मंडळींना उकडलेल्या चण्यांबरोबर बाजारचे पेय न देता घरी केलेला सोडा आणि कोकमाचे आगळ द्यावे, असे त्यांच्या थोरल्या चिरंजिवाने मनात घेतले होते. मुलगा हाताचा कुशल. खाणीच्या कार्यशाळेत फिटर होता. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हापासून मिळेल ते दुरुस्तीचे काम करतो. लदीन हे निमित्त. यंत्र साधले तर साखळीच्या बाजारात लिंबूसोड्याचा गाडा घालावा, हा खरा बेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र उभे झालेच होते. मागील पडवीत भंगारातून आणलेले आग विझविण्याचे नळकांडे, त्यावर वेल्डिंगच्या कामातील एक जुना रेग्युलेटर, त्यातून निघालेली मोडक्या फ्रिजची तांब्याची नळी, आणि नळीच्या टोकाला जाड काचेची एक बाटली. बाटलीत नुकतेच विहिरीतून काढलेले पाणी होते. "काका, साठ पौंड सोडतो, मग पाहा कसा चढतो तो," असे म्हणून त्याने चावी फिरविली. क्षणभराने गरनाळ उडावे तसा आवाज झाला आणि बाटलीच्या बुडाचा तुकडा दाराच्या चौकटीत जाऊन रुतला. चौकटीपासून वीतभर अंतरावर त्याची आई तांदूळ निवडीत बसली होती. ती माउली काही बोलली नाही. सुपातल्या तांदळांकडे तिने एकदा पाहिले आणि काचेच्या भयाने ते सारे परसात नेऊन ओतून टाकले.

त्या दिवशी मुलाचा चेहरा आम्हांस पाहवेना. "एवढी साधी गोष्ट, आणि ती जमू नये!" असे तो दोनदा म्हणाला. गोष्ट खरोखरच साधी आहे, हेच तर त्याचे दुर्दैव. सोडा म्हणजे पाण्यात विरघळलेला कर्बद्विप्राणिद वायू, ज्यास आता कार्बन डायॉक्साइड म्हणतात. १७६७ साली इंग्लंडातील लीड्स शहरी जोसेफ प्रीस्टली या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घराशेजारी बिअर गाळण्याचा कारखाना होता. आंबत असलेल्या पिंपावर हा वायू तरंगत असतो, हे पाहून त्याने त्या पिंपावर धरून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतले, आणि त्या पाण्यास गोड झिणझिणी आली. १७७२ साली त्याने ही कृती छापून प्रसिद्ध केली. या पाण्याने खलाशांचा रक्तपिती रोग बरा होईल अशी त्यास आशा होती. ती मात्र फोल ठरली. पुढे १७८३ साली जिनिव्हात श्वेप या गृहस्थाने त्याचा व्यापार मांडला. यांपैकी कोणापाशीही आजच्या फिटरापाशी असतात तशी हत्यारे नव्हती.

मग चूक कोठे झाली? मुलाने जोर वाढविला, पाणी मात्र थंड केले नाही. १८०३ साली विल्यम हेन्री याने दाखवून दिले की, दाब जितका अधिक तितका वायू पाण्यात अधिक विरघळतो. हे आमच्या फिटरास ठाऊक होते. त्याच्या ध्यानात आले नाही ते हे की, तोच वायू थंड पाण्यात सुखाने राहतो आणि कोमट पाण्यातून पळ काढतो. चांगल्या सोड्यात एक लिटर पाण्यामागे, मोकळ्या हवेत मोजला तर, सुमारे चार लिटर वायू असतो. पाणी ४ अंशांवर असेल तर त्यासाठी सुमारे ३० पौंडांचा दाब पुरतो, म्हणजे मोटारीच्या चाकात असतो तेवढाच. तेच पाणी विहिरीतून काढलेले, ३० अंशांच्या आसपासचे असेल, तर ७० पौंडांच्या वर जावे लागते. इतके करूनही बाटली उघडताच निम्मा वायू फसफसून निघून जातो. जे काम फ्रिजने रात्रभरात विनासायास केले असते, ते मुलाने काचेकडून करून घेऊ पाहिले.

आमच्या लहानपणी बाजारपेठेत सोडावाल्याचे दुकान म्हणजे मुलांचे तीर्थच असे. गोटीच्या बाटलीची युक्ती हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाची, १८७२ च्या सुमाराची. बाटली उलटी धरून भरावयाची; आतला वायूच गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून बसवितो, वेगळे बूच नकोच. सोडावाला लोखंडी चौकटीत दोन-तीन बाटल्या अडकवी, वायू चालू करी आणि दांडा धरून ती चौकट गरागरा फिरवी. आम्ही समजत असू की ही सारी ऐट गिऱ्हाइकासाठी. वास्तविक पाणी आणि वायू एकमेकांत घुसळले गेल्यावाचून सोडा होतच नाही. ती चौकट पत्र्याने झाकलेली का असे, हे पाळीच्या पडवीत आम्हांस नव्याने समजले.

बाटली फुटली ती एका परीने बरीच झाली, कारण त्या यंत्रात याहून लपलेले दोन दोष होते. पहिला तांब्याच्या नळीचा. कोकम घातलेली कढी कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवली की कळकते, हे आपल्या घरातील कोणतीही बाई सांगेल. सोड्याचे पाणीही आंबटच. तांब्यापितळेतून ते गेले की धातू पाण्यात उतरतो, आणि पिणाऱ्याला मळमळ, ओकारी, पोटशूळ. वायूच्या नळीत पाणी उलटे शिरावयास वेळ लागत नाही. लदीनीला आलेले सारे वाड्यावरचे लोक त्या रात्री आजारी पडले असते तर गाड्याचा बेत तेथेच संपला असता. दुसरा दोष नळकांड्याचा. आग विझविण्याच्या नळकांड्यात बुडापर्यंत गेलेली नळी असते. तिच्यातून वायू नव्हे, तर द्रवच वर येतो. तो रेग्युलेटरात शिरला की रेग्युलेटर गोठतो आणि काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय आतला दाब ३० अंशांच्या दिवशी एक हजार पौंडांच्या वर असतो.

पुढले दोन आठवडे मुलाने यंत्र पुन्हा बांधले. खाद्यपेयांसाठीच भरलेला वायू, तपासणीची तारीख ठोकलेल्या सिलिंडरात, व्यापाऱ्याकडून आणला. या वायूसाठीच असलेला दोन काट्यांचा रेग्युलेटर घेतला आणि दाब वाढल्यास आपोआप उघडणारी झडपही जोडली. नळी अन्नास चालणाऱ्या प्लॅस्टिकची, जोड स्टेनलेस स्टीलचे. काचेऐवजी विकतच्या सोड्याची रिकामी प्लॅस्टिक बाटली घेतली, कारण ती या दाबासाठीच घडविलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली चालत नाही. झाकणाला भोक पाडून त्याने पंक्चरवाल्याकडील ट्यूबलेस चाकाचा व्हॉल्व्ह बसविला होता. तो काम देतो. तथापि त्याचे रबर पाण्यासाठी केलेले नसते. पुढे त्याने स्टीलचे तयार झाकण मागविले, हे आम्हांस अधिक पसंत पडले.

कृती अशी. बाटली फ्रिजातील थंडगार पाण्याने तीनचतुर्थांशाहून थोडी अधिक भरावी, आणि ती हाताने दाबून पाणी तोंडाशी येईपर्यंत आतली हवा घालवावी. ही हवा राहिली तर वायूची जागा तीच अडविते. मग झाकण लावून ३० पौंड दाब द्यावा. चेपलेली बाटली टणकन उभी राहते. वायू चालू ठेवूनच ती मिनिटभर जोराने हालवावी, पण सिलिंडराच्या जोडापेक्षा खाली धरून. नंतर वायू बंद करून पाव तास बाटली फ्रिजात निजवावी आणि सावकाश उघडावी. साखर, मीठ, लिंबू, आगळ हे सारे पेल्यात घालावे. बाटलीत घातल्यास सोडा छपरापर्यंत जातो, आणि ते छप्पर पुसण्याचे काम आमच्या वाट्यास आले होते. एका लिटराला सुमारे ८ ग्रॅम वायू लागतो, म्हणजे २ किलोच्या सिलिंडरात निम्मा वाया गेला तरी सव्वाशे लिटर सोडा होतो. गाड्यासाठी १९ लिटरांचे स्टीलचे पिंप आणि तोटी लागेल, आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणीही. ती त्याने आधीच करावी असे आम्ही सांगितले आहे.

सिलिंडर कोठे ठेवावा, यावरून मात्र घरात थोडी बोलाचाली झाली. बापाला तो स्वयंपाकघरात हवा होता, चोरीच्या भयाने. हा वायू हवेहून जड असतो आणि बंद खोलीत जमिनीलगत साचतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडची चाल याच भयापोटी. कंदील विझला की माणसाने उतरावयाचे नाही. १९८६ साली आफ्रिकेत कॅमरून देशातील न्योस सरोवरातून हाच वायू एका रात्रीत उसळला आणि सुमारे सतराशे माणसे झोपेतच गेली. हे ऐकल्यावर सिलिंडर पडवीतील खांबाला, उभा, साखळीने बांधला गेला. साखळीला कुलूपही लागले.

लदीनीच्या संध्याकाळी चाळीस-पन्नास मंडळी होती. मुलगा रांगेने पेले भरीत होता. त्याची आई सर्वांच्या मागून आली, उभ्यानेच एक घोट घेतला आणि नाक चोळीत म्हणाली, "झोंबतो रे नाकाला." मग पेला पुढे करून, "आगळ थोडे जास्त घाल," म्हणाली.