विश्लेषण : मराठीत एमए करून नोकरी मिळते का? भाषेच्या पदवीत काय बदलायला हवे?

‘मराठीत एमए करतोय’ असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग प्राध्यापक होणार का?’ याचे उत्तर आता सोपे राहिलेले नाही. कायम जागा मोजक्या आणि नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवणारे पुष्कळ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद रास्तच आहे. पण त्यामुळे पदवीधराच्या हाताला काम मिळत नाही. ते पदवीतच घडवावे लागेल.

काम आहे कुठे?

एक उदाहरण कर्जाचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला व्याज, शुल्क आणि अटी सांगणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ त्याला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. म्हणजे असा मजकूर मराठीत कोणीतरी लिहायला आणि तपासायला हवा. मोबाइल अॅपमधील बटणे, विम्याची माहितीपत्रके, ओटीटीवरील सबटायटल्स, ऑनलाइन अभ्यासक्रम, सरकारी संकेतस्थळे यांचेही तेच.

हे सगळे यंत्र करत नाही का?

पहिला खर्डा यंत्र करते, हे खरे. गूगल ट्रान्सलेट आहे, केंद्र सरकारचा २०२२ पासूनचा ‘भाषिणी’ प्रकल्प आहे. त्यामुळे नुसते इंग्रजीचे मराठी करून देणाऱ्याची किंमत घसरली आहे. पण संदर्भ सुटला की यंत्र ‘सेव्ह’चे ‘वाचवा’ करू शकते. तिथे ‘जतन करा’ हवे असते. ‘आचार्यांना बोलवा’ म्हणजे विद्वानांना बोलवा आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हणजे स्वयंपाक्यांना; फरक एका ‘र’च्या रूपाचा. वसुलीच्या संदेशात ग्राहकाला ‘तू’ म्हटले तर तक्रार येणारच. सबटायटलला जेमतेम दोन ओळी आणि काही सेकंद मिळतात, त्यात विनोद बसवायचा असतो. चूक पकडणे, ती का चूक आहे हे सांगणे आणि पर्याय देणे, हे कौशल्य यंत्र आल्यावर कमी नव्हे, जास्त लागते.

पदवीत हे शिकवत नाहीत का?

नावापुरते शिकवतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतील पदवी अभ्यासक्रम बदलले. व्यावसायिक कौशल्याचे विषय आले. एमएच्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला, म्हणजे साधारण १२० तासांचे काम. कागदावर हे चांगलेच आहे.

अडचण प्रश्नपत्रिकेत आहे. ‘अनुवादाचे प्रकार सांगा’ किंवा ‘मुद्रितशोधनाचे महत्त्व स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की विद्यार्थी गाइड पाठ करतो. एका ओळीचाही अनुवाद न करता तो अनुवादाच्या पेपरात उत्तीर्ण होऊ शकतो. पोहण्याची परीक्षा वहीत घेण्यासारखाच हा प्रकार. ऑन जॉब ट्रेनिंगही हजेरीच्या प्रमाणपत्रावर संपले, तर १२० तासांनंतर दाखवायला हाती काहीच नसते.

बदल तिथूनच व्हायला हवा. परीक्षेत यंत्राने केलेला एक पानाचा अनुवाद द्यावा, शब्दकोश वापरू द्यावा आणि प्रत्येक दुरुस्तीचे कारण लिहायला सांगावे. प्रशिक्षणाचे गुण संपादित केलेल्या मजकुरावर द्यावेत, हजेरीवर नव्हे. तीन वर्षांत विद्यार्थ्याजवळ स्वतःच्या कामाची एक फाइल जमली पाहिजे. कंपनीतील माणूस गुणपत्रिकेआधी तीच मागेल.

टंकलेखनासारखी साधी गोष्टही पदवीबाहेर राहिली आहे. राज्यातील लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टंकलेखन प्रमाणपत्र लागते. त्यासाठी मराठीच्या पदवीधराला वेगळा खासगी क्लास लावावा लागतो, हे जरा विचित्रच. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि त्यातली मोडलेली जोडाक्षरे दुरुस्त करणे हे तर अनेक छापखान्यांतले रोजचे काम आहे.

मग साहित्य शिकवायचे नाही का?

शिकवायचेच. ‘लीळाचरित्रा’ची आटोपशीर वाक्ये मन लावून वाचलेल्याला बँकेचे पाच ओळींचे वाक्य खटकतेच, आणि ते खटकणे हीच संपादनाची सुरुवात. हा ग्रंथ जिथे लिहिला गेला त्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरलाच राज्याने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आहे. जुना ग्रंथ आणि आजचे काम एका वर्गात आणण्याची सुरुवात तिथून करता येईल.

अडचण काय येईल?

पहिली पैशांची. यातले बरेच काम शब्दामागे दर ठरवून मिळते, पगार नसतो. दर कसा सांगायचा, बिल कसे द्यायचे, मुदत कशी पाळायची, हेही वर्गात सांगायला हवे. महिन्याचा ठरलेला पगार हवा असलेल्याला हे काम फसवे वाटेल.

दुसरी तपासणीची. पाठ केलेले उत्तर दोन मिनिटांत तपासून होते. अनुवाद ओळीओळीने वाचावा लागतो, कारण ४० विद्यार्थ्यांची ४० उत्तरे वेगवेगळी असतात आणि त्यातली कित्येक बरोबरही असतात. आणि हे काम ज्यांच्यावर पडेल त्यांच्यात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापकही मोठ्या संख्येने आहेत. त्यांना मानधन वर्गातल्या तासाचे मिळते. घरी नेलेल्या त्या ४० अनुवादांचे नाही.