जंगलाचा आराखडा कोणीं करावयाचा?

रान सरकारचें, डोंगर सरकारचा, असें आपणांकडे इतकीं वर्षें मानण्यांत आलें कीं, तेथें राहणाऱ्यांचें काय, हा प्रश्न फार थोड्यांस सुचला. १८७८ चा जंगलाचा कायदा नवा असतांनाच, १८८३ सालीं, जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत गुरचरणीच्या जमिनी बळकावणाऱ्या जंगलखात्यावर कडक टीका केली होती. पुढें १९२७ सालीं नवा कायदा झाला, राज्यकर्तेहि बदलले. परंतु किती तोड करावयाची व माल कोणास द्यावयाचा हें कचेरींतच ठरत राहिलें. त्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यानें मजुरीस तेवढें यावें!

२००६ च्या वनहक्क कायद्यानें हा क्रम उलटा केला. वहिवाटीच्या जंगलाचें रक्षण व व्यवस्था हा गांवाचा हक्क, आणि बांबू हें गौण वनोपज, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंडांच्या गांवानें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. तरीहि बांबू बाहेर नेण्याचा परवाना खात्याच्याच हातीं राहिला. (बांबू शास्त्रदृष्ट्या गवत आहे, कायद्याच्या पुस्तकांत मात्र तो झाडांत मोजला जात असे.) अखेर २०११ च्या एप्रिलांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें.

पण हक्काचा कागद निराळा आणि व्यवस्थेचा आराखडा निराळा. बांबूच्या बेटांतील नवे कोंब राखावे, पिकलेलेच तोडावे व तोडलेल्या भागास कांहीं वर्षें विसांवा द्यावा, हें ज्ञान ग्रामस्थांस आहे. परंतु घरीं लग्नकार्य निघालें व दाराशीं गिऱ्हाईक उभें राहिलें म्हणजे तें ज्ञान पाळण्यास लेखी नियम आणि हिशेबाची वही लागते. तेंदूस नवी पालवी फुटावी म्हणून रान पेटविण्याची वाईट चालहि अशा नियमांवांचून सुटणार नाहीं. ग्रामसभेच्या नांवानें चार पुढाऱ्यांनींच सौदा केला, तर जुन्या ठेक्यांत आणि त्यांत फरक तो काय?

२०१२ च्या सुधारलेल्या नियमांप्रमाणें हा आराखडा ग्रामसभेच्या समितीनें करावयाचा असून, खात्याच्या योजनेशीं त्याचा मेळ घालतांना कोणते फेरफार आवश्यक हेंहि तिनेंच ठरवावयाचें आहे. आमच्या मतें खात्यानें आपले नकाशे व मोजणीचे कागद, मागण्याची वाट न पाहतां, समितीस द्यावे. तेथील अनुभवी नोकरांनीं हुकूम न सोडतां सल्ला द्यावा. व्यापारी बंधूंसहि आमची सूचना आहे कीं, त्यांनीं मालाची बोली सर्व गांवासमक्ष लावावी, आणि आराखड्यांत यंदा तोडीस न काढलेल्या भागाचा बांबू, कितीहि स्वस्त मिळाला तरी, घेऊं नये.