दाढ काढण्याआधी जबडा पाहा

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो दुखू लागला की कळ कानात, कानशिलात, दाढेत जाते. आमच्या नागपूरच्या वस्तीत मग कुणी कानात तेल सोडतो, कुणी चांगली दाढ काढून येतो, दुखणे तिथेच.

आमचे म्हणणे, आधी जबड्याला विसावा द्या. काही दिवस वरण-भात, खिचडी खा. गरम पाण्यात पिळलेल्या कापडाने 10-15 मिनिटे शेका. जांभई देताना हनुवटीला हात लावा. कर्जाच्या, कामाच्या काळजीने आपण दात आवळून असतो, ते ध्यानातही येत नाही. ओठ मिटले तरी दात सुटे हवेत.

आणि खर्रा? पाचवे शील म्हणताना आपल्याला फक्त दारू आठवते. वंदना संपली की विहाराच्या पायरीवरच पुडी उघडते. दिवसभर चघळून जबडा दुखणारच. त्याहून वाईट म्हणजे सुपारीने गाल आतून ताठर होतात, पुढे कर्करोगाचा धोका असतो. आपलीच तीन बोटे तोंडात उभी जात नसतील तर शेकत बसू नका. शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. एक रोजी बुडेल, तरी जा.