पोट शिवण्याआधी लघवीचा मार्ग तपासा : एक मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गर्भाशयाच्या व इतर स्त्रीरोग शस्त्रक्रियांत मूत्रमार्गाला झालेली इजा त्याच टेबलावर ओळखली जावी, याबाबतच्या मागण्या

महोदय,

आमच्या संघटनेत पिशवीच्या ऑपरेशननंतर लघवी गळू लागलेल्या बायका आहेत, त्यांच्या घरची माणसे आहेत, आणि ऑपरेशन थिएटरात रोज उभ्या राहणाऱ्या परिचारिका व काही डॉक्टरही आहेत. हे पत्र कोणा एका सर्जनविरुद्धची तक्रार नाही. कसलेल्या हातूनही इजा होते, हे मान्य करूनच आम्ही लिहीत आहोत. झालेली इजा पोट शिवण्याआधी दिसली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ती दिसावी अशी व्यवस्था करणे शासनाच्या हातात आहे.

इजा का होते ते आधी सांगतो. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणारी मूत्रवाहिनी 25 ते 30 सेंटिमीटर लांबीची, बारीक नळी असते. गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर ती गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, आणि पिशवी काढायची तर नेमकी तीच धमनी बांधून कापावी लागते. आधी सिझेरियन झालेले असेल तर मूत्राशय पिशवीला चिकटलेले असते. मोठी गाठ किंवा एंडोमेट्रिऑसिस असेल तर नळीची जागाच सरकते. मूत्राशय फाटले तर निदान कधी कधी डोळ्यांना दिसते. मूत्रवाहिनी टाक्यात आवळली गेली तर रक्त येत नाही, काही सांडत नाही. ऑपरेशन नीट झाले असेच सगळ्यांना वाटते.

हे किती वेळा नजरेतून सुटते? अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 471 गर्भाशय शस्त्रक्रियांच्या शेवटी प्रत्येक बाईची सिस्टोस्कोपी केली गेली, म्हणजे मूत्राशयात दुर्बीण घालून आतून पाहिले गेले. मूत्रवाहिनीच्या 8 इजा सापडल्या. त्यांतली दुर्बीण घालण्याआधी लक्षात आलेली फक्त 1. मूत्राशयाच्या 17 इजांपैकी आधी दिसल्या होत्या 6. शिकवणाऱ्या रुग्णालयांत, अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही स्थिती होती. म्हणून नुसत्या नजरेवर भिस्त ठेवता येणार नाही.

वेळीच दिसले तर काय होते? मूत्राशयाची फाट तिथल्या तिथे शिवली जाते आणि आठवडा-दोन आठवडे कॅथेटर ठेवावा लागतो. आवळलेला टाका सोडवून मूत्रवाहिनीत स्टेंट ठेवता येतो. बाई थोडे दिवस जास्त राहून घरी जाते. उशिरा कळले तर दुसरे ऑपरेशन, कित्येकदा तिसरेही. अनेकदा दुरुस्तीआधी सूज उतरावी म्हणून आठवडेच्या आठवडे थांबावे लागते आणि तेवढे दिवस लघवी गळतच राहते. कापडाच्या घड्या, वास, अंगाला पडलेली आग. शेतात, कारखान्यात, लग्नकार्यात जाणे बंद. काही बायकांना स्वयंपाकघरातही येऊ देत नाहीत. ज्यांची एका बाजूची नळी पूर्ण बंद झाली त्यांना कधी कधी दुखतसुद्धा नाही, आणि ते मूत्रपिंड गुपचूप निकामी होते. तक्रार घेऊन आलेल्या बाईला ‘अंगावरून जातंय, थांबेल’ असे सांगून परत पाठवले जाते, हा आमच्या सदस्यांचा वारंवार आलेला अनुभव आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी 2019 मध्ये झाली, तेव्हा 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितले. ती लढाई आमचीही आहे. पण पिशवी काढायला हवी होती की नको, याची चौकशी होते. काढताना लघवीच्या मार्गाचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

आमच्या मागण्या अशा.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची. सरकारी असो वा खाजगी, गर्भाशय काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत पोट बंद करण्याआधी मूत्रमार्गाची तपासणी सक्तीची करावी. किमान तपासणी म्हणजे कॅथेटरमधून निळे केलेले सलाईन मूत्राशयात भरून ते कुठे झिरपते का हे पाहणे. याला नवे यंत्र लागत नाही, त्यामुळे कोणत्याही रुग्णालयाला सबब सांगता येणार नाही. पण याने फक्त मूत्राशय कळते. मूत्रवाहिनीसाठी सिस्टोस्कोपीच हवी : दोन्ही तोंडांतून लघवीची धार उडते आहे हे डोळ्यांनी पाहायचे. धार स्पष्ट दिसावी म्हणून मूत्राशयात 10 टक्के डेक्स्ट्रोज भरता येते. ते प्रत्येक वॉर्डात असते. डोळ्यांच्या विभागात पडद्याच्या तपासणीसाठी वापरले जाणारे फ्लुरोसीन अगदी थोडे शिरेतून दिले तर लघवी पिवळी-हिरवी होऊन येते. मिथिलीन ब्लू शिरेतून देताना मात्र जी-सिक्स-पीडीची कमतरता आणि नैराश्यावरची चालू औषधे आधी विचारलीच पाहिजेत.

खर्चाचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 2001 सालच्या एका अमेरिकी हिशोबात, पोटावाटे केलेल्या शस्त्रक्रियांत मूत्रवाहिनीच्या इजांचे प्रमाण दीड टक्क्याच्या वर असेल तर सर्वांची सिस्टोस्कोपी करणेच स्वस्त पडते, असे निघाले होते. वर सांगितलेल्या 471 जणींत हे प्रमाण त्याहून जास्त भरते. आपल्याकडे तर या हिशोबात बाईची बुडालेली मजुरी आणि शहरातल्या रुग्णालयाच्या खेपा धरायला हव्यात. त्या आजवर कोणी धरलेल्या नाहीत.

दुसरी मागणी साधनांची आणि शिक्षणाची. उपजिल्हा रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात सिस्टोस्कोप द्यावा. जिथे दुर्बिणीने पिशवी काढतात तिथे कॅमेरा, प्रकाशाचा स्रोत आणि पडदा आधीपासून असतोच. भर घालायची ती थोडी. स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने देखरेखीखाली स्वतः सिस्टोस्कोपी केल्याशिवाय त्याचे प्रशिक्षण पूर्ण धरू नये.

तिसरी, नोंदीची. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 पासूनची सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी यादी अनेक थिएटरांत भिंतीवर लावलेली असते. तिच्या शेवटच्या टप्प्यात ‘मूत्राशय तपासले, दोन्ही धारा पाहिल्या’ ही ओळ घालावी. परिचारिकेने ती मोठ्याने विचारावी आणि उत्तर मिळाल्याशिवाय टाके घालायला सुरुवात होऊ नये. गर्भाशय शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवणाऱ्या जिल्हा समितीकडे जाणाऱ्या माहितीतही मूत्रमार्गाच्या इजेचा रकाना हवा.

चौथी मागणी वाचून आमच्यातल्या काही बहिणींना आधी राग आला होता, तरी ती आम्ही एकमताने मांडत आहोत. इजा टेबलावर ओळखली, लिहिली, दुरुस्त केली आणि बाईला सांगितली, तर तेवढ्यावरून विभागीय चौकशीत डॉक्टरला निष्काळजी ठरवू नये. भीतीपोटी इजा लपवली जाते आणि लपवल्याची किंमत बाई मोजते. तपासणीच न करणे आणि कळूनही दडवणे, या दोन्हींवर मात्र कारवाई कठोर व्हावी.

पाचवी, घरी सोडतानाची. सिस्टोस्कोपीनेही सगळे सापडत नाही. विजेच्या उपकरणाने भाजलेली मूत्रवाहिनी काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी फुटते. म्हणून प्रत्येकीला मराठीत छापलेले कार्ड द्यावे : सतत पाणी गळणे, कुशीत दुखणे, ताप, पोट फुगणे, लघवी कमी होणे. असे झाले तर त्याच दिवशी यावे. आलेल्या बाईच्या मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि गळणाऱ्या पाण्यातल्या क्रिएटिनिनची चाचणी झाल्याशिवाय तिला परत पाठवू नये.

शेवटची, दुरुस्तीची. इजा कुठेही झालेली असो, मूत्ररोग सर्जनकडे नेणे, स्टेंट, पुढची शस्त्रक्रिया आणि स्टेंट काढणे, हे सारे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून एकाच प्रकरणात, विनामूल्य व्हावे. स्टेंट काढायला पैसे नाहीत म्हणून तो आत राहून गेला तर त्यावर खडे धरतात आणि मूत्रपिंडाला नवाच धोका होतो.

यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मागणीतले बरेच काही एका परिपत्रकाने लागू होऊ शकते. त्यासाठी अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही. ते परिपत्रक तातडीने काढावे, आणि उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावा. त्या बैठकीला ही इजा सोसलेल्या बायका स्वतः येतील. त्यांचे म्हणणे आपण समोर बसून ऐकावे, ही विनंती.